जून महिना आणि येशूचं पवित्र हृदय: घरी भक्ती कशी करावी

वसई-मुंबईकडच्या कॅथलिक घरात, पुढच्या खोलीत, एक चित्र हमखास असतं. येशूच्या छातीवर उघडं हृदय, त्याभोवती काटे, बाजूला भाल्याची जखम, वर ज्वाला आणि छोटा क्रूस. खाली लाल बल्ब. कुणाला हे चित्र लग्नात मिळालेलं असतं, कुणाकडे आजीच्या काळापासून असतं. बल्ब बारा महिने पेटलेला राहतो आणि तो उडाला तरच कुणीतरी मान वर करून बघतं. जून महिना खास या हृदयासाठी राखलेला आहे आणि नेमकी याच महिन्यात आपली धांदल उडालेली असते. शाळा उघडतात, पाऊस लागतो, मे महिन्यात संध्याकाळी गावच्या क्रूसापाशी माळेला जमणारी माणसं घरात शिरतात ती शिरतातच.

म्हणून खालचा आराखडा मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे. रोजची सात-आठ मिनिटं, जमल्यास गुरुवारी एक तास, पहिला शुक्रवार आणि सणाचा दिवस. एवढं नेटाने केलं तरी पुष्कळ झालं. पहिल्या आठवड्यात तासतासभर प्रार्थना करून दुसऱ्या आठवड्यात सगळंच सोडून देण्यापेक्षा हे बरं.

आधी थोडा इतिहास

इतिहास सांगण्याचं कारण असं की शुक्रवारच का, गुरुवारची रात्रच का, या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

फ्रान्सच्या बर्गंडी भागात पारे-ल-मोनियाल हे गाव आहे. तिथल्या व्हिजिटेशन या सिस्टरांच्या संघाच्या मठात १६७१ मध्ये मार्गरेट मेरी अलाकॉक दाखल झाल्या. २७ डिसेंबर १६७३ रोजी त्यांना येशूच्या हृदयाचं पहिलं मोठं दर्शन झालं. तो संत योहानाच्या सणाचा दिवस होता, म्हणजे शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूच्या उराशी टेकून बसलेल्या शिष्याचा. पुढच्या दर्शनात येशूने त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यावं आणि गुरुवारी रात्री अकरा ते बारा, गेथशेमानी बागेतल्या त्याच्या यातनांची आठवण ठेवत जागावं. जून १६७५ मध्ये तिसरी मागणी आली: ख्रिस्तशरीराच्या सणाचे आठ दिवस संपले की त्यानंतरचा शुक्रवार माझ्या हृदयाच्या सणासाठी द्या. मठात अनेकांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. बसला तो त्याच वर्षी गावात आलेल्या जेझुइट (येशूसंघाच्या) फादर क्लॉद दे ला कोलोंबिएर यांचा. पुढे दोघेही संत म्हणून जाहीर झाले, त्या १९२० मध्ये आणि ते १९९२ मध्ये.

भक्ती मात्र त्यांच्यापासून सुरू झाली असं नाही. मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे: शिपायाने भाल्याने कूस भोसकली आणि रक्त व पाणी बाहेर आलं (योहान १९:३४). तेराव्या शतकात जर्मनीत हेल्फ्टाच्या मठात संत गर्ट्रूड या हृदयाविषयी लिहीत होत्या. फ्रान्समध्येच संत जॉन यूड्स यांनी १६७२ साली आपल्या संघात हा सण साजराही केला होता. रोमने घाई केली नाही. १७६५ मध्ये काही ठिकाणांपुरती परवानगी मिळाली, १८५६ मध्ये पोप नववे पायस यांनी सण सगळ्या ख्रिस्तसभेला लागू केला आणि १८९९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी सगळी मानवजात या हृदयाला समर्पित केली. जून महिनाभर भक्ती करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून पसरली. अगदी अलीकडे, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर विश्वपत्र (सगळ्या ख्रिस्तसभेला उद्देशून पत्र) काढलं.

घरातल्या चित्राचंही एक घराणं आहे. आज दिसणाऱ्या बहुतेक छापील चित्रांचा मूळपुरुष म्हणजे रोममधल्या जेझुइटांच्या जेझू चर्चमधलं पोम्पेओ बातोनी यांचं १७६७ च्या सुमाराचं तैलचित्र.

मे संपण्याआधीची तयारी

पहिलं काम वेळ ठरवणं. चर्चगेटहून विरार लोकल पकडून येणारा माणूस घरी कधी पोचतो, मुलांची शिकवणी कधी सुटते, हे बघून सगळे खरोखर हजर असतात अशीच वेळ घ्या. बहुतेक घरांत ती रात्रीच्या जेवणाआधीची असते. जेवणानंतर ठेवली की डुलक्या सुरू होतात.

दुसरं काम चित्र. ते उतरवून काच पुसा, मागचा पुठ्ठा बघा. आपल्याकडे जूनमध्ये बाहेरच्या बाजूच्या भिंती ओल धरतात आणि चिकटून लावलेल्या फ्रेमच्या आत बुरशी चढते. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा लाकडाचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते. भिंत फारच ओली असेल तर चित्र आतल्या भिंतीवर हलवा. टीव्हीच्या बरोबर वर नको. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे कुठे जातील हे सांगायला नको.

तिसरं काम पुस्तक. समर्पणाची प्रार्थना, भरपाईची प्रार्थना आणि पवित्र हृदयाची लितानी (एकाने हाक मारायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं अशी प्रार्थना), या तिन्ही तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वापरतात त्याच शब्दांत मिळवा. चर्चच्या कार्यालयात किंवा सिस्टरांकडे प्रार्थनापुस्तक असतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रार्थनांपासून जरा लांब राहा. त्यात मूळ ओळी गाळलेल्या असतात आणि शेवटी ‘अकरा जणांना पाठवा’ जोडलेलं असतं. ज्या घरात आई मराठीत, वडील कोकणीत आणि मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, त्यांनी महिन्यापुरती एकच भाषा ठरवावी. रोज नवा वाद नको.

रोजची सात-आठ मिनिटं

सगळे चित्रासमोर जमा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. क्रूसाची खूण करा आणि अर्धा मिनिट कुणीही काही बोलू नका. हे अर्धं मिनिट गाळू नका. दिवसभराच्या आवाजातून बाहेर यायला तेवढा वेळ लागतोच.

मग शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी. आठवडाभर एकच उतारा रोज थोडाथोडा वाचला तर तो मुलांच्याही डोक्यात राहतो. पहिल्या आठवड्यात योहान १९:३१-३७, भाल्याचा प्रसंग. दुसऱ्यात लूकचा १५ वा अध्याय: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, घर सोडून गेलेला मुलगा. तिसऱ्यात मत्तय ११:२५-३०, जिथे येशू स्वतःला मनाचा सौम्य आणि लीन म्हणवतो. आपल्या अंतःकरणाचं वर्णन त्याने स्वतः केलेली ही जागा आहे. चौथ्या आठवड्यात लूक २४:१३-३५, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आणि त्यांचं पेटून उठलेलं अंतःकरण.

त्यानंतर लितानीतली एक ओळ. पवित्र हृदयाच्या लितानीत या हृदयाला ३३ वेळा हाक मारलेली आहे, येशूच्या आयुष्याच्या वर्षांइतकी. १८९९ मध्ये तिला सगळ्या ख्रिस्तसभेसाठी मान्यता मिळाली. जूनचे दिवस ३०. रोज एक ओळ घ्या आणि शेवटच्या दिवशी चार. ओळ वाचायची, सगळ्यांनी ‘आमच्यावर दया कर’ म्हणायचं आणि एकाने तिच्याविषयी दोन वाक्यं बोलायची. हे हृदय न्याय आणि प्रेम या दोन्हींचं घर आहे, असं एका ओळीत म्हटलंय. घरातल्या दोन भावंडांत वाटणीवरून तणातणी असेल तर ती ओळ कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. पूर्ण लितानी फक्त शुक्रवारी म्हणा. पाचेक मिनिटं लागतात. रोज पूर्ण म्हणायला घेतली की तिसऱ्या दिवसापासून ती आगगाडीसारखी धडधडत जाते.

शेवटी नावं. आजारी, परदेशी गेलेले, आपल्याशी न बोलणारे, वारलेले. नुसतं नाव घ्यायचं, त्यांची कहाणी नाही. आमच्या पित्या, नमो मरिया आणि समर्पणाची छोटी प्रार्थना. झालं.

ज्यांना संध्याकाळ मिळतच नाही, रात्रपाळीची नर्स किंवा पहाटे मासळी आणायला जाणारी बाई, त्यांनी सकाळचं अर्पण करावं. १८४४ मध्ये फ्रान्समध्ये व्हाल्स इथे जेझुइट विद्यार्थ्यांमध्ये सुरू झालेल्या प्रार्थना-चळवळीने ही सवय जगभर नेली. मिशनवर जायला उतावीळ झालेल्या त्या तरुणांना फादर गोत्रेले यांनी सांगितलं होतं की आत्ता तुमचा अभ्यास आणि कंटाळा हेच देवाला द्या. छापील प्रार्थना हाताशी नसेल तर आपल्या शब्दांत एवढं पुरे: ‘प्रभू येशू, आजचं माझं काम, माझा आनंद, माझा त्रास तुझ्या हृदयापाशी ठेवते. ज्यांना आज कुणी नाही त्यांच्यासाठी ते वापर.’ बस स्टॉपवर उभं राहूनही होतं.

भरपाई म्हणजे नेमकं काय करायचं

या भक्तीत दोन धागे आहेत, समर्पण आणि भरपाई. पहिला सगळ्यांना आवडतो. दुसऱ्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उपास आणि स्वतःला करून घेतलेला त्रास येतो. पारे-ल-मोनियालच्या दर्शनातली तक्रार मात्र साधी आहे: मी इतकं प्रेम केलं आणि बदल्यात बहुतेकांकडून कृतघ्नपणा मिळाला. त्याची भरपाई प्रेमानेच करायची.

माझं मत असं की दर आठवड्याला एकच ठोस गोष्ट ठरवावी आणि ती माणसांशी संबंधित असावी. बांधावरून तुटलेल्या चुलतभावाला फोन. वृद्धाश्रमात ठेवलेल्या आत्याकडे एक चक्कर. कामवाल्या बाईची राहिलेली रजा. आठवडाभर चहा सोडणं त्यामानाने सोपं असतं, म्हणूनच आपण ते निवडतो.

गुरुवारचा पवित्र तास

मूळ वेळ रात्री अकरा ते बारा. अनेक चर्चमध्ये पहिल्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पवित्र साक्रामेंताची आराधना (पवित्र भाकरीसमोरची प्रार्थना) असते. तिथे गेलात तर उत्तम. घरी करत असाल तर तासाचे चार तुकडे करा: मत्तय २६:३६-४६ सावकाश वाचन, मग शांतता, मग दुःखाची रहस्ये घेऊन माळ, मग पुन्हा शांतता आणि भरपाईची प्रार्थना. शिष्यांना त्या रात्री एक तास जागता आलं नव्हतं, तेव्हा तुमचा डोळा लागला तर फार वाईट वाटून घेऊ नका. लहान मुलं असलेल्या घरात पंधरा मिनिटं केली तरी चालतील.

पहिला शुक्रवार आणि ‘नऊ शुक्रवार’

संत मार्गरेट मेरी यांच्या पत्रव्यवहारात येणारं वचन असं: सलग नऊ महिने पहिल्या शुक्रवारी जो कम्युनियन घेईल त्याला शेवटच्या घडीला पश्चात्तापाची कृपा मिळेल. जूनमध्ये सुरुवात केली तर फेब्रुवारीत नऊ पूर्ण होतात. २०२६ साठी तारखा अशा: ५ जून, ३ जुलै, ७ ऑगस्ट, ४ सप्टेंबर, २ ऑक्टोबर, ६ नोव्हेंबर, ४ डिसेंबर, १ जानेवारी २०२७ आणि ५ फेब्रुवारी. कॅलेंडरवर आजच लाल गोल करून टाका. १ जानेवारीचा शुक्रवार सगळ्यात धोक्याचा, कारण आदल्या रात्री सगळे जागलेले असतात. २ ऑक्टोबरला सुट्टी आहे.

दरवेळी विचारले जाणारे प्रश्न घेतो. एक शुक्रवार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, ‘सलग’ या शब्दाला पळवाट नाही. रविवारचं कम्युनियन त्याच्या जागी धरत नाहीत. कन्फेशन (फादरांपाशी पापांची कबुली) त्याच शुक्रवारी करायला हवं असं नाही, पण गंभीर पाप मनावर ठेवून कम्युनियन घेऊ नये. म्हणून बरेचजण त्या आठवड्यातच प्रायश्चित्त संस्कार उरकून घेतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी धर्मग्रामात आधी नाव द्या, फादर किंवा कम्युनियन देणारे सेवक घरी येतात. एखाद्या वर्षी पहिला शुक्रवार गुड फ्रायडेलाच येतो. २०२६ मध्ये ३ एप्रिलला तसंच झालं. त्या दिवशी मिस्सा नसते, पण दुपारच्या उपासनेत कम्युनियन दिलं जातं.

आखातात काम करणाऱ्या आपल्या माणसांना हे उलट सोपं जातं. कुवेत, कतार, ओमान इथे शुक्रवार सुट्टीचा असतो आणि चर्च तेव्हाच भरलेलं असतं.

आता ‘बारा वचनां’विषयी. घराघरात फ्रेम करून लावलेली ती यादी संत मार्गरेट मेरी यांनी एका बैठकीत लिहिलेली नाही. त्यांच्या पत्रांतून वेचून नंतर ती जुळवली गेली आणि अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरातल्या एका व्यापाऱ्याने १८८२ पासून तिची कार्डं अनेक भाषांत छापून वाटल्यावर जगभर पोचली. वचनं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण नऊ शुक्रवार म्हणजे विम्याचे नऊ हप्ते, मग आयुष्यभर काही नको, असा हिशेब मांडणारे लोक असतात आणि तो हिशेब ख्रिस्तसभेच्या शिकवणीत बसत नाही. नऊ महिने दर महिन्याला कन्फेशन आणि कम्युनियनला जाणारा माणूस बदलू लागतो. वचनाचा रोख तिकडे आहे.

सणाचा दिवस

तारीख दरवर्षी सरकते. पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या) रविवारपासून १९ दिवस मोजा, येईल तो शुक्रवार. २०२६ मध्ये १२ जून, २०२७ मध्ये ४ जून, २०२८ मध्ये २३ जून. क्वचित सण मेअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीलाही जातो. दुसऱ्या दिवशी शनिवारी मरियेच्या निष्कलंक हृदयाचा स्मरणदिन असतो.

फादरांचा झगा त्या दिवशी पांढरा असतो, लाल नाही. शुक्रवार असला तरी हा महासण आहे, त्यामुळे मांसाहार वर्ज्य नाही. आजी डोळे वटारेल, पण कायदा तुमच्या बाजूने आहे. १९९५ पासून हा दिवस धर्मगुरूंच्या पवित्रतेसाठी प्रार्थनेचाही आहे. तुमच्या फादरांना एक निरोप पाठवा, किंवा एकट्या फादरांना जेवायला बोलवा.

संध्याकाळी चर्चमध्ये पोप अकरावे पायस यांनी १९२८ मध्ये दिलेली भरपाईची प्रार्थना सामूहिकपणे म्हणतात. सणाच्या दिवशी ती सगळ्यांबरोबर म्हटली तर पूर्ण दंडमुक्ती (माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) मिळते, नेहमीच्या अटींवर: कन्फेशन, कम्युनियन, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडलेलं मन. शेवटची अट सगळ्यात अवघड, तिच्याविषयी फार कुणी बोलत नाही.

घरात प्रतिष्ठापना

चित्र टांगणं वेगळं आणि प्रतिष्ठापना वेगळी. पेरूमधले धर्मगुरू मातेओ क्रॉली-बोवे १९०७ मध्ये पारे-ल-मोनियालला गेले होते. तिथे आजारातून बरे झाल्यावर त्यांनी एक घर, मग दुसरं घर असं करत जग या हृदयापाशी आणायचा निश्चय केला. पोप दहावे पायस यांनी त्यांना आशीर्वाद दिला. चित्राला घरात राजाची जागा द्यायची आणि त्याप्रमाणे घर चालवायचं, ही त्यांची कल्पना.

निदान दोन-तीन आठवडे आधी धर्मग्रामात सांगून तारीख घ्या. सणाचा दिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा घर घेतलेला दिवस चांगला. आधीचा आठवडा घरात कुणाशी अबोला असेल तर तो संपवण्यासाठी वापरा. शक्यतो त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिस्सेला जावं.

संध्याकाळी टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, फुलं आणि चित्र. जुईचा गजरा पुरे, डेकोरेशनवाल्याला बोलवायची गरज नाही. फादर चित्राला आशीर्वाद देतात. मग घरातलं वडीलधारं माणूस ते उचलून ठरलेल्या जागी ठेवतं. विधवा आई घर चालवत असेल तर तीच ठेवणार, यात शंका नको. सगळे उभे राहून प्रेषितांचा विश्वास म्हणतात. फादर चार शब्द बोलतात, मग सगळे मिळून कुटुंबाच्या समर्पणाची प्रार्थना. त्यानंतर गैरहजर आणि वारलेल्यांची नावं घेऊन एक आमच्या पित्या, एक नमो मरिया. हा भाग घाईत उरकू नका, घरातले डोळे इथेच पाणावतात. शेवटी मरियामातेची प्रार्थना, आशीर्वाद आणि प्रमाणपत्रावर सगळ्यांच्या सह्या. अक्षर न जुळणाऱ्या छोट्यालाही सही करू द्या.

कुटुंब पहिल्यांदा असं समर्पण करतं त्या दिवशीही वरच्या अटींवर पूर्ण दंडमुक्ती आहे. फादर येऊ शकत नसतील तर चित्र चर्चमध्ये आशीर्वादित करून आणा आणि समर्पण घरच्यांनीच करा. नवरा किंवा बायको वेगळ्या धर्माची असेल तर आधी मोकळेपणाने बोला. बसणं सक्तीचं नसलं की बहुतेक जण आपणहून बसतात. दरवर्षी त्याच तारखेला समर्पण पुन्हा म्हणा. तारीख प्रमाणपत्राच्या मागे पेन्सिलीने नको, शाईने लिहून ठेवा.

नवीन चित्र आणल्यावर जुन्याचं काय, हा प्रश्न उरतोच. आशीर्वादित चित्र कचऱ्यात टाकत नाहीत, नाल्यात किंवा समुद्रातही सोडत नाहीत. काच आणि फ्रेम वेगळी काढा. कागद चांगला असेल तर नव्याने संसार मांडणाऱ्या कुणाला तरी द्या. वाळवीने खाल्लेला असेल तर जाळून राख तुळशी-मोगऱ्याच्या मुळाशी किंवा आवारातल्या मातीत पुरा. सोसायटीत माती मिळत नसेल तर चर्चमध्ये नेऊन द्या. अनेक धर्मग्रामांत जुन्या माळा आणि चित्रं गोळा करून विधीपूर्वक जाळतात.